अक्षरं तुझी, फोटो माझे

पनू,

मागच्या आठवड्यात तुळशीरामभाऊ आले होते. चपला बाहेर काढून आले. हे मुद्दाम सांगते, कारण तू होतीस तोवर त्यांनी कधी चपला काढल्या नाहीत आणि तू दर वेळी त्यांच्या पायांकडे बघत राहायचीस. तुझ्या खुर्चीवर बसले नाहीत. उभ्याउभ्याच म्हणाले की दिवाळी झाली, गावोगावच्या मंडया-जत्रा सुरू झाल्या, त्यांच्या नाटक कंपनीचा पहिला प्रयोग ठरला आणि पोस्टरचा अजून पत्ता नाही. मग खाली बघत हळूच म्हणाले, "प्रणालीताईची जुनी अक्षरं कम्प्युटरात असतीनच ना? थेच जोडून द्या. लोकाईले बरं वाटन."

मी हो म्हणाले. मला नाही म्हणायला कधी जमलंय? आपल्या दोघींत नाही म्हणायचं खातं तुझ्याकडे होतं आणि गोड बोलायचं माझ्याकडे.

खरं तर पोस्टर हा अर्धाच घोर. नागपूरला एका शिकवणी वर्गात डिझायनरची जागा आहे, दादाने मित्राकरवी शब्द टाकून ठेवलाय आणि सोमवारपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं. दादा रोज नेमका माझ्या जेवणाच्या वेळी फोन करायचा, म्हणजे माझ्या तोंडात घास असेपर्यंत त्याचं बोलून व्हावं. काम काय, तर निकाल लागला की पोरांचे फोटो गोलात बसवायचे आणि वर 'अभिनंदन' लिहायचं. वर्षभर तेच. पण महिन्याला पगार आणि बसायला गार खोली. वाईट काय आहे त्यात? पण माझं घोडं ज्या प्रश्नापाशी अडलं होतं तो दादाला विचारण्यासारखा नव्हता, आईला तर नाहीच. इतकी वर्षं मी वडशात बसून हे काम केलं, ते मला त्याचं वेड होतं म्हणून, की वेड तुझं होतं आणि मी नुसती तुझ्या नादाने बसले होते?

तू असतीस तर "चहा मांड" म्हणून विषय बदलला असतास. आता ती सोय राहिली नाही.

तुझा श्रद्धांजलीचा बोर्ड चौकात लागला तेव्हा मी पलीकडच्या रस्त्याने फिरून गेले. तुझ्या भावाने आधी मलाच सांगितलं होतं, माझ्याकडून झालं नाही. मग त्याने स्टेशनकडच्या दुकानातून करून आणला. जांभळी पार्श्वभूमी, दोन्ही बाजूंना समया, खाली ढग, आणि तुझं नाव दोन्हीकडून ओढून ओढून इतकं रुंद केलेलं की 'ली' पार बोर्डाच्या कडेला टेकली होती. तू ते बघितलं असतंस तर उठून बसली असतीस. दोन दिवसांनी मी त्या बोर्डासमोर उभी राहिले आणि मला हसू आलं. भर चौकात, तुझ्या फोटोसमोर, हातात भाजीची पिशवी. पानठेल्यावरची माणसं बघत होती. हसता हसता रडू कधी आलं ते कळलं नाही, आणि मग त्या माणसांनाही जरा हायसं वाटलं असावं.

आपण नागपूरला डिझाइन शिकायला गेलो तेव्हा काय वारं होतं, आठवतं ना? जिकडेतिकडे बोर्ड. डिझाइन करा, घरी बसून कमवा, परदेशात जा. चिमूरला माझे बाबा पानठेल्यावर उभे राहून सांगायचे, पोरगी डिझायनर होऊन राह्यली. डिझायनर म्हणजे काय हे त्यांना ठाऊक नव्हतं आणि ऐकणाऱ्यांनाही नव्हतं, म्हणून सगळ्यांचं छान जमायचं. तुझी काकू तर तुझ्याकडे ब्लाउजपीस घेऊनच आली. गळा मोठा ठेवजो म्हणाली. मी तिला समजावायला लागले की काकू, हे ते नव्हे, आणि तू मला गप्प केलंस. कापड घेतलंस, पाठीवर मोराची पिसं काढलीस, ते शिंप्याकडे नेऊन समोर बसून शिवून घेतलंस. काकूने तो ब्लाउज तीन लग्नांत घातला. तुला त्यात कमीपणा वाटला नाही आणि मला मात्र तुझ्या वतीने वाटत राहिला.

मग पुण्याची नोकरी. मोबाइलच्या पडद्यावरची बटणं निळी असावीत की हिरवी, यावर सात माणसांची सभा भरायची. सुरुवातीला मला ती सभा फार भारी वाटायची. तू वहीत सगळ्यांची नाकं काढत बसायचीस. आणि एका सकाळी त्याच सभेत सांगितलं गेलं की आता ही कामं यंत्रच करतं, तेव्हा एवढी माणसं नकोत. ज्यांच्या तोंडी उठताबसता डिझाइन होतं ते आपल्या वर्गातले सगळे बघता बघता पांगले. कुणी विम्याचं काम धरलं, कुणी तलाठ्याच्या परीक्षेला बसलं, एकाने आरमोरी रस्त्यावर ढाबा टाकला. त्याच्या ढाब्याचं मेनूकार्ड मात्र देखणं आहे हो. परतीच्या गाडीत मी खिडकीला डोकं टेकून रडत होते आणि तू मजेत फुटाणे खात होतीस. म्हणालीस, "बरं झालं, गर्दी सरली. आता ज्याले खरंच कराचं हाय थोच राहीन."

मला तेव्हा वाटलं, तू आपल्या दोघींबद्दल बोलतेस. आता ते वाक्य आठवलं की वेगळीच शंका येते. त्या सरलेल्या गर्दीत तू मलाही धरत होतीस का?

वडशाला यायचं तूच ठरवलंस. नाटक कंपन्यांची दुकानं जिथे ओळीने उघडतात त्याच रस्त्यावर, तांदळाच्या गोदामावरची खोली. कोंड्याची धूळ दारातून आत येते आणि स्कॅनर दर आठवड्याला पुसावा लागतो. माझ्यासाठी हे सगळं नवं होतं. चिमुरात नाटकं बघितली होती, पण तू त्यांत वाढली होतीस. तुझे काका स्टेजवर असायचे. धान निघालं की शेतात प्रेक्षकांना बसायला उतरता खड्डा खणायचा, मंडप बांधायचा, आणि गावातल्या झाडून सगळ्या लेकी-जावयांना बोलवायचं. घराघरांत पावणे. पोस्टर म्हणजे नुसती जाहिरात नाही, ते माहेरचं बोलावणं असतं, हे तू मला पहिल्याच दिवशी सांगितलंस. सासरच्या बसस्टँडवर पोरीला आपल्या गावाचं नाव दिसलं की ती घरी जाऊन पिशवी भरते. म्हणून गावाचं नाव मोठं. शाळेत जायच्या आधी तुला 'खलनायक' वाचता येत होतं म्हणे.

कामाची वाटणी आपोआप झाली. नटांचे फोटो मी काढायचे, कापायचे, उजळायचे, बसवायचे. नाटकाचं नाव तू काढायचीस, हाताने, ब्रशने, दर वेळी नवं. कम्प्युटरमधल्या तयार अक्षरांना तू हात लावला नाहीस. मी म्हणायचे, बाई, दवाने सकाळपर्यंत पोस्टर भिजतं, दुपारी बकरी खाते, कोण बघतंय तुझा काना? तू म्हणायचीस, "खाऊ दे. खाच्या आधी तिनं पाह्यलं तं असन."

त्या मोकळ्या जागेवरून आपलं जे भांडण जुंपलं ते अजून मिटलेलं नाही, हे लक्षात ठेव. मी विसरलेले नाही.

इकडच्या झाडीपट्टी नाटकांच्या पोस्टरचा नियम पोरंटोरंही सांगतात. कंपनीतल्या प्रत्येकाचं तोंड दिसलं पाहिजे. नायक-नायिका मधे, खलनायक उजवीकडे डोळे वटारून, विनोदी नट खाली कोपऱ्यात. बोटभर जागा रिकामी ठेवायची नाही. तू एका वर्षी ठरवलंस की या पोस्टरला श्वास घ्यायला जागा द्यायची. उजवा कोपरा सगळा मोकळा ठेवलास, आणि सगळी तोंडं सारख्या आकाराची करून डावीकडे ओळीत लावलीस. तुळशीरामभाऊंनी डोकं खाजवलं, पण तू समोर उभी होतीस, म्हणून छापायला दिलं.

त्यात देवरावभाऊंनी घोटाळा केला. देवरावभाऊ म्हणजे कंपनीचे कायमचे खलनायक. घरी धानाची शेती आणि स्वभाव असा की गाईलाही अहो-जाहो करतील. त्या वर्षी नाटकात ते भल्या सासऱ्याचं काम करत होते, म्हणून त्यांनी मिशा काढल्या होत्या. फोटो मी तसाच घेतला. पोस्टर गावोगावी लागलं आणि लोकांनी बघितलं, तर उजवीकडे देवरावची जागा रिकामी, आणि डावीकडे हा कोण गुळगुळीत माणूस उभा आहे देव जाणे. झालं. देवराव भांडून दुसऱ्या कंपनीत गेला, मालकाने पोस्टरवरून त्याला पुसून टाकलं, अशी हूल उठली ती थेट कुरखेड्यापर्यंत गेली. नाटक बोलावणाऱ्या गावांच्या मंडळांचे फोनवर फोन. तिसऱ्या दिवशी देवरावभाऊच पोस्टरची गुंडाळी घेऊन आपल्या जिन्यात हजर. मी घाबरून पाणी दिलं. ते म्हणाले, "थो मी हाय हे मले मालूम हाय, बाई. पन माह्या बायकोलेबी पटून नाई राह्यलं."

माझं आधीच रडू फुटायच्या बेतात होतं, त्यावर तू जे हसायला लागलीस ते थांबेना, आणि शेवटी तेही हसायला लागले. प्रयोगाला मात्र खड्डा माणसांनी काठोकाठ भरला. देवराव आहे की नाही हे बघायलाच लोक आले होते. मग तुळशीरामभाऊ खुशीत येऊन म्हणाले, आता दर नाटकाला अशी एक जागा मोकळी ठेवत जा, कधी नायिकेची, कधी कॉमेडीवाल्याची, लोक शोधत येतील. आणि तू नाही म्हणालीस. सरळ, तोंडावर.

यावरून आपण पुढे वर्षभर भांडलो. माझं म्हणणं होतं की मागताहेत तर देऊन टाक, एका कोपऱ्याने काय जातं, घरात चार कामं जास्त येतील. तू म्हणत होतीस की ती जागा डोळ्याला विसावा म्हणून होती. लोकांना फसवायला ठेवली की ती जागाच खोटी होते, मग ती पुन्हा कधी खरी करता येत नाही. मी म्हणाले, तुला पोस्टरपेक्षा तुझं तत्त्वच प्यारं. तू म्हणालीस, तुला पोस्टरपेक्षा तुळशीरामभाऊचं हसू प्यारं. पोळ्याच्या आदल्या दिवशीसुद्धा भाकरी थापता थापता हेच चाललं होतं. मला अजूनही वाटतं की तू थोडी वाकली असतीस तर बरं झालं असतं. तू गेलीस म्हणून मी हरले असं समजू नकोस.

कारण पुढच्या हंगामापासून कंपन्या एकेक करून सुटल्याच. मालकांचे पुतणे मोबाइलवर पोस्टर करायला लागले. यंत्राला सांगायचं, दोन मिनिटांत तयार. नायक, नायिका, सासू, सासरा, सगळ्यांना एकच नाक आणि सगळे नुकतेच तेल लावून आल्यासारखे चकचकीत. तू चिडायचीस. मला मात्र दुसऱ्याच गोष्टीची भीती वाटायची आणि ती मी तुला कधी सांगितली नाही. मी ती पोस्टरं बघत उभ्या असलेल्या बायकांकडे बघायचे. त्यांना काही खटकत नव्हतं. त्या गावाचं नाव वाचायच्या, तारीख वाचायच्या आणि निघून जायच्या. आपण केलं काय आणि पुतण्याने केलं काय, पिशवी तशीच भरली जात होती. मग आपण इथे काय करतोय, हा प्रश्न मला तेव्हापासून चावतोय. राहिले एकटे तुळशीरामभाऊ, तेही बहुधा तुझ्या धाकाने.

आणि मग तुझा ताप. आधी आपण त्याला नुसता ताप म्हणत होतो. गडचिरोलीच्या दवाखान्यात तुझ्या आईने तुझे पाय दाबत मला विचारलं, "बाई, हे उठंन ना?" मी म्हणाले, उठेल, उठणारच. नागपूरच्या नोकरीचं दादाने तेव्हाच सांगितलं होतं. तुला सांगायचं मनात होतं. तू बरी झालीस की सांगू, चांगलं भांडू, असं मी ठरवून टाकलं होतं. ते राहिलं.

तू गेल्यावर मी तुझं शेवटचं बोलणं किती वेळा उलटसुलट करून बघितलं. काहीतरी सांगून गेली असशील. थांब म्हणाली असशील, जा म्हणाली असशील. पण तू म्हणालीस, "उद्या येतानी चार्जर आनजो." बस. मी आणला होता. अजून माझ्याच पिशवीत आहे. माणसं मरताना काहीबाही मोठं बोलतात असं ऐकलं होतं, तू तेवढीही मदत केली नाहीस, आणि याचा मला भयंकर राग आहे.

तर तुळशीरामभाऊ गेले आणि मी तुझी अक्षरं उघडली. नाटकाचं नाव 'बहिणीचा हिस्सा'. भाऊ बहिणीला गोड बोलून जमिनीच्या कागदावर सही मागतो आणि ती देत नाही, असं नाटक आहे. सगळी अक्षरं मिळाली. इतक्या वर्षांत तू काय नाही काढलंस? 'हि' तर भरपूर. एक विनोदी नाटकातला घेतला, पोट सुटलेला. दुसरा एका रडक्या नाटकातला, मान खाली घातलेला. शेजारी शेजारी ठेवले आणि दोघं असे दिसायला लागले की एका लग्नात दोन भांडलेले सोयरे फोटोला उभे केलेत. मी सरकवून बघितलं, लहानमोठं करून बघितलं. मग माझ्या लक्षात आलं की तू एकही अक्षर एकटं काढलेलं नाहीस. कुणाच्या काखेत शेजारच्याचा काना शिरलेला, कुणाचा पाय दुसऱ्याने जरा ढकललेला. शब्दातून बाहेर काढल्यावर प्रत्येक अक्षराला शेजाऱ्याच्या जागेचा खळगा राहिला होता. इतकी वर्षं मी त्यांच्याभोवती फोटो बसवले आणि मला ते दिसलं नव्हतं. मी खुर्चीत बसून खूप रडले, पनू. चौकात रडले होते त्याहून जास्त.

दुसऱ्या दिवशी दुपारी तुझे ब्रश धुतले. आधी तुझीच नक्कल केली. ती मेलेली निघाली. मग कम्प्युटरमधली तयार अक्षरं लावली, ती निगरगट्टासारखी उभी राहिली. सोमवार जवळ येत होता आणि माझ्याकडे ना पोस्टर होतं ना उत्तर. जुन्या पोस्टरांच्या पाठीवर मी ब आणि हि आणि णी काढत राहिले. 'बहिणीचा' जरा जमला. 'हिस्सा' काही केल्या बसेना. ती बाई आपला वाटा मागतेय, आणि माझं अक्षर तर हात जोडून उभं होतं. मी वेलांटी लांब केली. आणखी लांब केली. पूर्ण शब्दावरून नेऊन उजवीकडे खलनायकाच्या कपाळापर्यंत नेली आणि तिथे खाली वाकवली. मग मागे सरून बघितलं आणि तोंडातून शिवी निघाली, कारण वळण किंचित जाड झालं होतं. पुन्हा काढली. पुन्हा. ब्रश बदलला.

भात निवून गेला होता. फोनवर दादाचे न उचललेले कॉल होते. खाली गोदामात हमाल कधी आले आणि पोती चढवून कधी गेले, मला ऐकू आलं नव्हतं. तेवढा वेळ मला भीती वाटली नव्हती. तेवढा वेळ मला तुझी आठवणही आली नव्हती, आणि हे लिहिताना लाज वाटते, बरंही वाटतं. मग भीती परत आली, ठरल्यासारखी. पण मधे गेली होती हे मी बघितलं.

आज सोमवार. सकाळी तुळशीरामभाऊ आले, चपला काढून. पोस्टरसमोर उभे राहिले. म्हणाले, हे प्रणालीताईचं नाही. मी म्हटलं, नाही. आणखी थोडा वेळ बघितलं. म्हणाले की चांगलं आहे, पण ही वेलांटी देवरावच्या कपाळावरून गेली आहे. अर्धं कपाळ झाकतंय. आधीच त्या वर्षीचं तो विसरला नाही. एवढी कापून टाका, तिथे तोंड मोठं करा. माझ्या तोंडावर सवयीने हसू आलं. हो म्हणायला तोंड उघडलंसुद्धा.

"कापाची नाई, भाऊ," मी म्हणाले.

त्यांनी वर बघितलं. मी बोलतच सुटले. म्हटलं, त्या बाईनं हिस्सा मागतला हाय, तं थो कोनाच्या तरी डोक्शावरून जाईनच. कापली तर नुसतं नाव उरेल, नाटक उरणार नाही. देवरावभाऊंना मी स्वतः जाऊन सांगते, त्यांच्या घरी जाते, त्यांच्या बायकोला सांगते. ते म्हणाले, प्रणालीताईने ऐकलं असतं. इतकं धडधडीत खोटं त्यांनी तुझ्या फोटोखाली उभं राहून म्हटलं, की मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. मी म्हटलं, तिचं सोडा, मी नाही ऐकणार.

"अन् लोकाईले नाई आवडलं तं?"

"तं सांगजा, अर्चनानं काढलं."

ते पोस्टर घेऊन गेले. छापतील की रस्त्यात पुतण्याला देऊन वेलांटी उडवतील, मला माहीत नाही. जिन्यातून उतरताना पुटपुटत होते. ते गेल्यावर मी खाली फरशीवरच बसले. बसल्यावर ध्यानात आलं की भांडताना मी तुझी बाजू मांडत नव्हते. तू काय म्हणाली असतीस, हे मनात आलंच नव्हतं. मला ती वेलांटी हवी होती. तेवढंच.

आणि दादाचा फोन आला. या वेळी तोंडात घास नव्हता. मी सांगितलं की नागपूरला नाही म्हणून कळव. रागावला असता तर सोपं गेलं असतं. पण तो हळू आवाजात, लहानपणी पडल्यावर विचारायचा तसं विचारू लागला. खाशील काय, हंगाम संपल्यावर काय करशील, लोकांना ते यंत्राचंच आवडतं हे तूच मला सांगितलं होतंस ना. सगळं खरं होतं. मग त्याने विचारलं, "प्रणाली तं गेली, अर्चू. आता कोनासाठी करून राह्यली तू हे?"

"मले आवडते, दादा."

हे वाक्य मी आजवर कुणाला म्हटलं नव्हतं, पनू. तुलासुद्धा नाही.